पातेले, फडके आणि फिल्टर : यवतमाळच्या स्वयंपाकघरातील कॉफी (थ्रेड)

यवतमाळकडच्या बहुतेक मराठी घरांत कॉफीसाठी वेगळे भांडे असे नव्हतेच. पातेल्यात पाणी, साखर आणि पूड उकळायची, दूध घालायचे, वर जायफळ किसायचे आणि फडक्यातून गाळून कपात ओतायचे. आज फ्रेंच प्रेस नि मोका पॉट यांत निवड करणाऱ्या पिढीला ही रीत अडाणीपणाची वाटते. हा निवाडा घाईचा आहे. तो का, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

जुन्या मराठीत कॉफीच्या दाण्यांना ‘बुंद’ म्हणत. हा शब्द अरबी ‘बुन’वरून आला. म्हणजे ‘कॉफी’ हा इंग्रजी शब्द येण्यापूर्वीच अरबी समुद्रावरच्या व्यापाऱ्यांनी ही वस्तू आपल्याकडे पोचवली होती. सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी येमेनमधून सात दाणे आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावले, अशी परंपरा सांगते. मात्र वऱ्हाडात बुंद ही पेठेतली महाग वस्तू होती, रोजच्या पिण्याची नव्हे.

गंमत अशी की कॉफीचा डोंगर वऱ्हाडातच आहे. १८२३ मध्ये हैदराबाद रेजिमेंटच्या कॅप्टन रॉबिन्सनच्या नजरेस पडलेले चिखलदरा थंड हवेचे ठिकाण म्हणून वाढले. समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीच्या या ठिकाणी कॉफीच्या बागा झाल्या, आणि महाराष्ट्रातील कॉफी म्हटले की आजही चिखलदऱ्याचेच नाव पुढे येते. यवतमाळ तेथून अवघ्या पावणेदोनशे किलोमीटरवर.

पुढे तर या दोन टोकांना एक रेल्वेही मिळाली. ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने ओळखली जाणारी नॅरो गेज गाडी मूर्तिजापूरहून एका अंगाला चिखलदऱ्याच्या पायथ्याजवळच्या अचलपूरला आणि दुसऱ्या अंगाला यवतमाळला जात असे. पण हा मार्ग टाकला होता कापसासाठी. चिखलदऱ्याच्या बागा इतक्या लहान होत्या की त्यांच्या मालाने डबे भरण्याचा प्रश्नच नव्हता.

यवतमाळच्या पेल्यात कॉफीऐवजी चहा आला तो चवीच्या जोरावर नव्हे. १९०३ मध्ये सरकारने चहावर उपकर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार उभा राहिला. स्टेशनांवर, गिरण्यांत, बाजारांत चहा करून पाजण्यात आला. कॉफीसाठी असा उपकर आणि समिती आली १९३५ मध्ये. म्हणजे चहाला बत्तीस वर्षांची आघाडी! १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिले इंडिया कॉफी हाऊस उघडले, तेव्हा खेड्यापाड्यांतून चहाचे आधण केव्हाच चढलेले होते.

त्यानंतर आला १९४२ चा कॉफी कायदा. बागाईतदाराने आपले पीक कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात जमा करायचे आणि विक्री बोर्डाने करायची, अशी ही व्यवस्था होती. ती सैल होऊ लागली १९९२ पासून आणि पूर्ण उठली १९९६ च्या सुमारास. पन्नास वर्षे उत्पादक आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये एक कचेरी उभी होती. ताजे भाजलेले दाणे थेट बागेतून घरी मागवणे ही आजची साधी गोष्ट त्या काळी शक्यच नव्हती.

परिणामी आडगावच्या दुकानात जी पूड मिळे, ती दळून किती दिवस झाले हे कोणी सांगू शकत नसे. दळलेल्या कॉफीचा सुवास काही दिवसांत उडू लागतो. मग कडवटपणा तेवढा उरतो. दुधातील प्रथिने तो कडवटपणा मवाळ करतात, आणि जायफळ हरवलेल्या सुवासाची जागा भरून काढते. जायफळ हा केवळ शौक नव्हता. शिळ्या पुडीवरचा तो उतारा होता, असे मानायला जागा आहे.

दुसरी अडचण पाण्याची. काळ्या दगडातल्या विहिरींचे पाणी बहुधा जड. त्यात डाळ शिजत नाही, हे इथल्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक. अशा पाण्यातील बायकार्बोनेट कॉफीतील आम्ले मारून टाकते आणि पेय बेचव, मातकट लागते. हलक्या भाजलेल्या, फळांसारख्या आंबूस चवीच्या कॉफीचे यात सर्वाधिक नुकसान होते. गडद भाजलेली, चिकोरी मिसळलेली पूड मात्र अशा पाण्यातही तग धरते.

चिकोरीला खरा न्याय मिळतो तो दक्षिणी फिल्टरमध्ये. एकावर एक बसणारी पितळेची, पुढे स्टीलची, दोन भांडी. वरच्याच्या तळाला बारीक छिद्रे. पूड हलकेच दाबायची, उकळते पाणी ओतायचे आणि वाट पाहायची. चिकोरी पाणी धरून ठेवते, त्यामुळे निचरा मंदावतो आणि दाट डिकॉक्शन उतरते. १८०० च्या सुमारास पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेल्या द बेलॉय यांच्या भांड्याचेही तत्त्व हेच होते. १९२९ मध्ये काझीपेट–बल्लारशा मार्ग पुरा झाला आणि मद्रासची गाडी थेट वणीच्या शेजारून दिल्लीकडे धावू लागली. नोकरीनिमित्त वर आलेल्या दक्षिणी कुटुंबांच्या सामानात हा फिल्टर असणारच. शेजारच्या मराठी घरात तो क्वचितच रुजला. अर्ध्या तासाची वाट पाहणे हे चुलीवर दहा कामे असलेल्या घराला परवडणारे नव्हते.

१९३८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये नेसकॅफे आली. आपल्याकडे झटपट कॉफी पसरली ती १९६० च्या दशकापासून. मग भांड्याचा प्रश्नच मिटला. उरला चमचा. साखर-कॉफी फेटून फेस आणणे हे कौशल्य ठरले, आणि लग्नाच्या मांडवात वाफेने दूध फुसफुसवणाऱ्या यंत्राला लोक ‘एस्प्रेसो’ म्हणू लागले. खऱ्या एस्प्रेसोत दाबाखालचे पाणी पुडीतून जाते. मांडवातल्या कपात ते कधीच गेले नाही! तरी त्या कॉफीसाठी लागणारी रांग खोटी नव्हती.

आता आजची भांडी. १९३३ चा बियालेत्तीचा मोका पॉट गॅसच्या शेगडीला सोयीचा. पाणी झडपेच्या खाली ठेवावे, पूड दाबू नये, गुरगुर ऐकू येताच उतरवावे. दुधाची सवय असलेल्या घराला तो लवकर मानवतो. १९०८ मध्ये मेलिटा बेंट्झ यांनी आणलेल्या कागदी गाळणीत कॉफी नितळ उतरते, म्हणून जड पाण्याचा दोषही त्यात उघडा पडतो. ती वापरायची तर आधी पाणी बदलावे.

आणि फ्रेंच प्रेस? १९२९ मध्ये इटलीत पेटंट झालेल्या या भांड्यात जाडसर पूड गरम पाण्यात चार मिनिटे मुरते आणि जाळीने गाळली जाते. लिटरला साठ ग्रॅम हे सर्वसाधारण प्रमाण. नीट पाहिले तर हे पातेले आणि फडकेच आहे. फरक दोनच : पूड ताजी असते आणि पाणी पुडीसह उकळत ठेवले जात नाही.

म्हणून ज्याला प्रयोग करायचा आहे, त्याने यंत्र घेण्यापूर्वी ताजी जाडसर पूड घ्यावी. पातेल्यातले पाणी उकळले की आच बंद करावी, अर्धे मिनिट थांबून पूड घालावी, चार मिनिटे झाकण ठेवावे आणि धुतलेल्या, साबणाचा वास नसलेल्या फडक्यातून गाळावे. पहिला घोट दुधाशिवाय घ्यावा. जायफळ हवे की नको, ते मग ठरवावे.