छापलेली ओळ

माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नात गावच्या गुरुजींनी मंगलाष्टकं रचून दिली होती. गुलाबी कागद, चारही बाजूंनी वेलबुट्टी, वर गणपती आणि कडव्याकडव्यांत आत्या-मामांची नावं गुंफलेली. ज्याचं नाव राहिलं तो पाहुणा रुसायचा. त्या कागदावर मायचं नाव नव्हतं. बाबा वारल्यानंतरचं घरातलं ते पहिलं लग्न. कन्यादान काका-काकूंनी केलं. पोरीवर अक्षता पडत होत्या तेव्हा माय रांधणीच्या दारात उभी होती. तिला कोणी ‘जा’ म्हटलं नव्हतं. ‘ये’ही म्हटलं नव्हतं. मीही नाही.

नोकरीनं गाव सुटलं. आता आम्ही नागपुरात, मनीषनगरच्या फ्लॅटात राहतो. मागच्या वर्षी पोरीचं लग्न ठरलं. ती म्हणाली, “बाबा, बोहल्यावर काय चाललंय ते मांडवात कोणालाच कळत नाही. आपण एक कागद छापू. कोणता विधी, त्याचा अर्थ काय, आणि तो कोण करणार.”

मला आधी ते सिनेमातलं खूळ वाटलं. मग कपाटातला महात्मा फुल्यांच्या समग्र वाङ्मयाचा जाड खंड आठवला. २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात सत्यशोधक समाज निघाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला भटजीवाचून पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. पुढं १८८७ मध्ये जोतीरावांनी मंगलाष्टकांसह सगळ्या पूजाविधींची पुस्तिकाच छापली. मंगलाष्टकं मराठीत, आणि ती म्हणायची नवरा-नवरीनं स्वतः. नवरी बायकांच्या हक्काचं मागणं मांडते, नवरा ते देण्याची शपथ घेतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या कानावर न कळणारे मंत्र पडत आले, त्यांच्या हातात विधी छापून आला. काय बोलायचं हे कळलं की काय मागायचं हेही कळतं. आमच्या नागपुरातही १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर किती लग्नं अशीच, समजणाऱ्या साध्या विधीनं लागली. म्हणजे पोरीचं खूळ सव्वाशे वर्षांहून जुनं निघालं.

आम्ही जेवणाच्या टेबलावर कागद मांडला. मंगलाष्टकं, सप्तपदी, प्रत्येकापुढं दोन ओळी अर्थ आणि करणाऱ्याचं नाव. ‘मुलीला बोहल्यावर आणणे’ याच्यापुढं पोरीनं लिहिलं: मामा आणि आजी.

काका प्रूफ पाहून म्हणाले, “हे काय छापून राहिला बाप्पा? लोकं काय म्हणतीन?”

मी ढिला पडलो. पोरीला म्हटलं, आजीला आणू की आपण, छापायला कशाला पाहिजे?

“तोंडी ठेवलं की ऐन वेळी कोणीतरी आजीला ‘तुम्ही बसा’ म्हणतं, बाबा. आणि ती बसते.”

यावर मला उत्तर नव्हतं. बहिणीच्या लग्नात काही न बोलणाऱ्यांत मीही होतो. ओळ तशीच छापली.

माय दुसरी शिकलेली. कागद आला तसं तिनं चष्मा लावून त्या ओळीवरून बोट फिरवलं.

“माह्या नावामांगं गं. भा. नाही लावलं?”

“नाही लावलं, माय.”

“बरं केलं.”

लग्नाच्या दिवशी व्हायचं ते झालंच. माय उठली तशी एक नातेवाईक बाई पुढं आली, “आत्याबाई, तुम्ही बसा, आम्ही आणतो नवरीला.” शेजारची, नवरदेवाकडची बाई हातातला कागद पाहत होती. ती सहज म्हणाली, “अहो, इथं त्यांचंच नाव छापलंय.”

पुढं कोणी बोललं नाही. एका हाताला मामा, दुसऱ्या हाताला माय, अशी पोरगी बोहल्यावर आली.

जुना गुलाबी कागद अजून मायच्या ट्रंकेत आहे. हा तिनं त्याच्यावर ठेवला.