काचेतील भाऊबंदकी

बांधावरून डोकी फुटतात ती माणसांचीच, असा आपला समज असतो. पण खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत बोटभर लांबीचा निळा डॅमसेल मासा पाळून पाहा! चार दिवसांत तो एक दगड, त्यातले एक बीळ आणि भोवतालची वीतभर जागा आपल्या नावावर करून घेतो. मग शेजारी दुप्पट मोठा असला तरी त्याची धडगत नसते. साफसफाईसाठी घातलेल्या हातालाही तो चावायला धावतो. पोवळ्यांच्या खडकांत राहणारा हा भांडखोर जीव माणसाच्या दिवाणखान्यात कसा आला, ती हकीकत मोठी मनोरंजक आहे.

पहिला प्रश्न पाण्याचा होता. समुद्राचे पाणी घरी आणून ठेवले तर ते लवकरच नासे आणि त्यातले जीव मरत. १८४६ साली ॲना थिन नावाच्या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत पोवळी लंडनला नेली. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतीत असे. पुढे १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की माशांसोबत पाणवनस्पती ठेवल्या तर त्याच प्राणवायू पुरवितात. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले आणि १८५४ मध्ये फिलिप गॉस यांचे 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक निघाले. झाले! हौशी मंडळी किनाऱ्यावर तुटून पडली आणि खडकांतली डबकी ओरबाडली गेली. गॉस यांचे चिरंजीव एडमंड यांनी १९०७ साली आपल्या आठवणींत या नासधुशीबद्दल हळहळ व्यक्त केली आहे.

हे सारे थंड समुद्रातले जीव. उष्ण समुद्रातले रंगीत मासे घरी जगविणे याहून अवघड. मुंबईस १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि समुद्री मासे काचेआड पाहण्याचे सुख आपल्या लोकांस लाभले. पण संस्थेचा पसारा घरात कसा मांडावा? १९६१ मध्ये जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपली साधी रीत प्रसिद्ध केली : समुद्राचे पाणी, सूर्यप्रकाश, हवेचे बुडबुडे आणि समुद्रातून आणलेले जिवंत दगड. माशांच्या मलमूत्रापासून होणारा अमोनिया विषारी असतो. दगडांच्या छिद्रांतले सूक्ष्मजंतू त्याचे कमी घातक द्रव्यांत रूपांतर करतात. गंमत अशी, की ज्या दगडाने पाणी सुधारले त्याच दगडावरून मासे भांडतात!

या भांडणांकडे शास्त्रज्ञांचेही लक्ष होते. १९६३ साली ऑस्ट्रियाच्या कोनराट लोरेन्त्स यांनी आक्रमकतेवरील आपल्या ग्रंथाचा आरंभ या माशांपासूनच केला. परक्या जातीपेक्षा स्वजातीयांवर ते अधिक तुटून पडतात, असे त्यांना काचपेट्यांत दिसले. कारण एकाच घासावर डोळा ठेवणारा तो भाऊबंदच. भडक रंग म्हणजे त्यांच्या मते मालकीची पाटी. पुढच्या अभ्यासकांनी समुद्रात पाहिले, तेव्हा हे पुरते खरे ठरले नाही. डॅमसेलच्या काही जाती आपल्या जागेत शेवाळाची बाग राखतात आणि तिच्यात तोंड घालणाऱ्या परजातीच्या माशांनाही हाकलतात.

समुद्रात हरलेला मासा दूर निघून जातो आणि तंटा मिटतो. काचपेटीत तो जाणार कुठे? कोपऱ्यात दडून उपाशी राहतो, पर फाटतात, शेवटी मरतो. आपण म्हणतो, मासा दुष्ट! स्वभाव समुद्राच्या मापाचा आणि घर आपल्या मापाचे, त्याला तो काय करील?

म्हणून जाणते लोक भांडखोर मासा सर्वांत शेवटी सोडतात, भरपूर बिळे ठेवतात आणि नवा पाहुणा आणताना दगडांची रचना मोडून पुन्हा मांडतात. मुले दिवाळीचा किल्ला नव्याने रचतात ना, तसेच! जुन्या खुणा बुजतात आणि जुना सातबारा रद्द होतो. आता काही जातींची पैदासही काचपेट्यांत होते, तेव्हा अशा माशांसाठी समुद्र ओरबाडायला नको. आपल्याकडे पोवळ्यांना कायद्याचे संरक्षण आहे, हेही ध्यानात असावे. हौस जरूर करावी, पण पाण्याची चौकशी करतो तशी जागेचीही आधी करावी.