ताडीच्या मडक्यातले विष

देगलूर, बिलोली, धर्माबाद या आपल्या पट्ट्यात ‘कल्लू’ आणि ‘शिंदी’ हे दोन्ही शब्द एकाच घरात नांदतात. निजामाच्या राज्यात अबकारी हे उत्पन्नाचे मोठे साधन होते. गुत्तेदार लिलाव घेई, गौड झाडावर चढे आणि हैदराबादेतल्या दुकानांत कष्टकऱ्यांची संध्याकाळ सरे.

खरी ताडी पहाटे गोड, दुपारी चढती आणि संध्याकाळी आंबट. पण शहर वाढले, झाडे वाढली नाहीत. मग मडक्यात पाणी, पाण्यात सॅकरीन आणि नशेसाठी क्लोरल हायड्रेट पडू लागले. पुढे डायझेपाम, अल्प्राझोलाम ही गुंगीची औषधे आली.

अशा विषाचा माग काढण्याची गोष्ट जुनी आहे. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात सफरचंदाची दारू पिणाऱ्यांच्या पोटात जीवघेण्या कळा उठत, हात लुळे पडत. १७६७ साली डॉ. जॉर्ज बेकर यांनी त्या दारूत शिसे असल्याचे दाखवून दिले. ते रस काढण्याच्या चरकांतून उतरत होते. १९०० साली मँचेस्टरमध्ये बिअर पिणाऱ्यांचे पाय बधिर होऊ लागले. डॉ. अर्नेस्ट रेनॉल्ड्स यांना बिअरमध्ये सोमल सापडला. माग बिअरमधल्या साखरेपर्यंत आणि तेथून ती बनवताना वापरलेल्या गंधकाम्लापर्यंत पोहोचला.

तिकडे विषाचा उगम बंद करताच नवे रोगी थांबले. आपल्या शेजारी मात्र उलटे घडले. सप्टेंबर २०१५ मध्ये निजामाबाद भागात भेसळीवर कारवाई झाली आणि रोजच्या पिणाऱ्यांना झटके येऊ लागले, भास होऊ लागले. दवाखाने भरले. मडक्यात काय होते, याची साक्ष रोग्यांच्या देहांनीच दिली.

हैदराबादेत २००४ साली बंद झालेली ताडीची दुकाने २०१४ साली पुन्हा उघडली. जुलै २०२५ मध्ये कुकटपल्ली भागात ताडी पिऊन माणसे दगावली. नमुन्यांत अल्प्राझोलाम निघाले.

म्हणून मला वाटते, दुकानाला सील ठोकले की काम संपत नाही. जडलेले औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू सोडवावे लागते. ‘झाडाचेच तर आहे, त्याने काय होते?’ असे आपल्या घराघरांत अजून म्हणतात. ताडी सुटल्यावर कोणी थरथरू लागला, बरळू लागला, तर त्याला देवऋषाकडे नेऊ नये. थेट दवाखान्यात न्यावे आणि तो काय पीत होता, हे लाज न बाळगता सांगावे. तपासाची सुरुवात तिथूनच होते.