दुर्बिणीविना नेम

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. रायफल काही चालवली नाही. पण नाशिककर म्हणून ही गोष्ट सांगायलाच हवी. स्वप्नील कुसाळे मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचे; नेमबाजी शिकले ती आपल्या नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुण मिळवून त्यांनी कांस्यपदक जिंकलं.

लोक विचारतात, रायफलीवर दुर्बीण कुठली होती? अहो, नव्हतीच, नियमात ती बसत नाही. डोळ्याजवळ बारीक छिद्र, नळीच्या टोकाला कड्याची माशी, बस्स. २०१० साली म्युनिकला तेजस्विनी सावंत विश्वविजेत्या झाल्या, त्याही अशाच माशीवर.

मग रायफल ‘अंगाची’ करायची म्हणजे काय? दस्त्याची लांबी, गालाची पट्टी, खांद्याचा टेकू, सगळं शरीराच्या मापानं लावायचं. गाल टेकला की डोळा आपसूक छिद्रामागे आला पाहिजे. गुडघ्यावर, झोपून, उभं राहून: दर वेळी माप वेगळं.

दहाचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं. माशी आणि लक्ष्य डोळ्याला एकदम स्पष्ट दिसत नाहीत. नेमबाज माशी स्पष्ट ठेवतो, लक्ष्य धूसर राहू देतो. अर्जुनाला पक्ष्याचा डोळाच तेवढा दिसला, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षं सांगितलं. साधनाकडेही नीट बघा, हे सांगायचं मात्र राहूनच गेलं.