पेन्सिलीने वाढवलेला वेग

घरच्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग करायचं, हा आज पैसेवाल्यांचा शौक समजला जातो. काचेचं कॅबिनेट, आत रंगीत दिवे, पाण्याच्या नळ्या. मूळ शोधत गेलं तर मात्र हा खेळ खिसा हलका असलेल्यांनी सुरू केलेला दिसतो.

त्याआधी एक पाऊल मागे जाऊ. १९८१ च्या आयबीएम पीसीतला इंटेल ८०८८ हा प्रोसेसर ५ मेगाहर्ट्झला झेपणारा, पण तो चालायचा ४.७७ वर. आयबीएमला हा कॉम्प्युटर रंगीत टीव्हीलाही जोडता यायला हवा होता. अमेरिकन टीव्हीच्या रंगसिग्नलशी मेळ बसावा म्हणून बोर्डावर १४.३१८ मेगाहर्ट्झचा क्वार्ट्झ स्फटिक बसवला आणि त्यालाच तीनने भागून प्रोसेसरचा ठेका काढला. एका स्फटिकात दोन कामं. घराघरांत पोचलेल्या पीसीचा मूळपुरुष असा स्वतःच्या ताकदीपेक्षा थोडा हळू चालणारा निघाला.

१९८४ च्या आयबीएम एटीमध्ये ८०२८६ होता, वेग ६ मेगाहर्ट्झ, स्फटिक १२ चा. हुशार गिऱ्हाइकांनी झाकण उघडलं, १२ चा स्फटिक काढून १६ चा लावला आणि मशीन ८ वर धावू लागलं. काही डॉलरांत तिसऱ्या हिश्श्याने वेग वाढला. आयबीएमला हे रुचलं नाही. पुढच्या आवृत्तीत त्यांनी बायोसमध्येच, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्येच, पहारेकरी बसवला: वेग ठरल्यापेक्षा जास्त दिसला की मशीन सुरूच व्हायचं नाही. कंपनीने कुलूप लावायचं आणि लोकांनी किल्ली शोधायची, ही परंपरा तिथून सुरू झाली.

किल्ली सापडते कशी? सिलिकॉनच्या एका चकतीवर शेकडो चिप तयार होतात. प्रत्येक तपासून, जी जेवढं झेपेल तेवढ्या वेगाचा शिक्का तिच्यावर बसतो. कारखान्याचा हात बसला की बहुतेक चिप वरच्या वेगाला टिकतात, पण बाजारात खप स्वस्त मालाचा. मग चांगल्या चिपवरही खालचाच शिक्का मारला जातो. नव्वदच्या दशकात भामट्या व्यापाऱ्यांनी याचा भलताच फायदा घेतला. कमी वेगाच्या पेंटियमवरचा आकडा खरवडून वरचा छापला आणि चढ्या भावाने विकला. इंटेलने मल्टिप्लायर, म्हणजे बोर्डाच्या मूळ वेगाला (बसला) गुणून प्रोसेसरचा वेग ठरवणारा आकडा, बांधून टाकला तेव्हा हेच कारण पुढे केलं. कारण खरंच होतं, पण स्वस्त चिप घेऊन महागड्या चिपचं काम काढणाऱ्यांचाही त्यात आपोआप बंदोबस्त होत होता, हे विसरायला नको.

तो बंदोबस्त अर्धवट राहिला. ऑगस्ट १९९८ मध्ये सेलेरॉन ३००ए आला. ६६ मेगाहर्ट्झच्या बसला साडेचारने गुणून ३००. साडेचार बांधलेले, पण बस मोकळी. अबिटच्या बीएच६ बोर्डावर बायोसमध्ये जाऊन ६६ चे १०० केले की झाले ४५०. अमेरिकेत त्याची किंमत १४९ डॉलर. त्याच सुमारास आलेल्या ४५० च्या पेंटियम २ ची ६६९. बहुतेक कामांत दोघांमध्ये फरक जाणवायचा नाही.

आणि २००० साली या कुळात पेन्सिल आली. एएमडीच्या ड्युरॉन आणि थंडरबर्ड अ‍ॅथलॉनच्या वरच्या पृष्ठभागावर बारीक सोनेरी ठिपक्यांच्या जोड्या होत्या. एल१ असं नाव छापलेल्या जोड्यांमधला पूल कारखान्यात लेझरने तोडलेला असायचा, म्हणजे मल्टिप्लायर बंद. ग्रॅफाइटमधून वीज वाहते. कंपासपेटीतली मऊ शिसपेन्सिल घ्यायची, टोक करायचं आणि प्रत्येक जोडीतल्या दोन ठिपक्यांमध्ये गडद रेघ ओढायची. शेजारच्या जोडीला रेघ टेकता कामा नये. टेकली तर खोडून पुन्हा. मल्टिप्लायर मोकळा! शेकडो कोटींच्या कारखान्याने केलेलं काम पेन्सिलीच्या एका फटकाऱ्यात उलटवणारी ही युक्ती मला या सगळ्या इतिहासात सर्वांत लाडकी वाटते. पुढच्या अ‍ॅथलॉन एक्सपीमध्ये एएमडीने लेझरने खड्डेच पाडले आणि पेन्सिलीचं राज्य संपलं.

मुंबईजवळच्या आमच्या टिटवाळ्याच्या माणसाला यातलं काहीही हवं असेल तर वाट ठरलेली होती: कसारा लाइनची लोकल, दादरला गाडी बदलायची, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड. दोन-चार दुकानांत भाव काढायचे, बॉक्स पीस की ट्रे पीस यावर घासाघीस करायची. ट्रे पीस स्वस्त, पण त्यासोबत कूलर नाही. नेमकी इथे कुळकथा वेगापाशी सुटते आणि उष्णतेपाशी येऊन अडते.

८०८८ ला पंखा नव्हता, हीटसिंकही नव्हता. १९९३ च्या पहिल्या पेंटियमची उष्णता १५ वॅटच्या आसपास. २००४ चा पेंटियम ४ प्रेस्कॉट ११५ वर गेला, आणि २०२२ चा कोअर आय९-१३९००के पूर्ण भारावर २५३ वॅटपर्यंत ओढतो. यामागचं गणित निर्दय आहे. उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग १० टक्के वाढवायला व्होल्टेजही १० टक्के चढवावं लागलं, तर उष्णता ३३ टक्क्यांनी वाढते.

त्यात आपली हवा. मुंबईत पारा ३४ वर असताना कल्याणच्या पुढे तो कित्येकदा चाळिशीला भिडतो. हवेवर चालणारा कोणताही कूलर चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त दोघांमधलं अंतर कमी करतो. एखादा कूलर चिपला खोलीपेक्षा ४५ अंश वर रोखत असेल, तर २१ अंशांच्या युरोपीय खोलीत चिप ६६ वर राहते, आणि ३८ अंशांच्या टिटवाळ्यातल्या खोलीत ८३ वर. परदेशी परीक्षणं वाचून खरेदी करणारे नेमकं हेच विसरतात. कॅबिनेटचं दार काढून टेबल फॅन समोर लावायचा आपला घरगुती इलाज त्यामानाने शहाणपणाचा, फक्त धूळ दुप्पट आत जाते.

स्वस्त कूलरमध्ये मोठी क्रांती केली ती हीट पाइपने. १९६३ मध्ये लॉस अ‍ॅलामोसच्या जॉर्ज ग्रोव्हरने अंतराळयानांचा विचार करत ही नळी घडवली. बंद तांब्याच्या नळीत थोडंसं पाणी, दाब अगदी कमी. चिपकडच्या टोकाला पाण्याची वाफ होते, पंख्याकडच्या टोकाला ती पुन्हा पाणी होते आणि आतल्या जाळीतून परत येते. मोदकपात्राच्या झाकणावर जे घडतं तेच, फक्त न थांबता. अशा चार नळ्यांचा टॉवर कूलर आज बेताच्या पैशांत मिळतो. पाणी खेळवण्याचं काम मोठ्या यंत्रांना शोभतं. पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्म या महासंगणकात चिपपर्यंत द्रव नेऊन थंड करायची व्यवस्था आहे. घरी त्याची गरज क्वचितच पडते.

दरम्यान कंपन्यांनी हा खेळच आपल्या हातात घेतला. २००८ मध्ये इंटेलने टर्बो बूस्ट आणलं आणि प्रोसेसर स्वतःच वेग चढवू लागला. एएमडीचे रायझन ७००० तर ९५ अंशांपर्यंत जाण्याच्या हिशेबानेच बनवले आहेत. हाताने उकरून काढण्यासारखा वेग आता उरलाय तो नावापुरता.

म्हणून आमच्या भागात आज उलटी युक्ती कामाची: वेग तोच ठेवून व्होल्टेज उतरवा. १.३५ व्होल्टवरून १.२० वर आणलं तर उष्णता एकपंचमांशाने घटते, खर्च शून्य. रायझन ५००० पासून त्यासाठी बायोसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर दिलेला आहे. इंटेलच्या स्वस्त बोर्डांवर मात्र ही सोय असेलच असं नाही, घेण्यापूर्वी विचारा. एकेक पायरी उतरा, तासभर पूर्ण भार द्या, मशीन अडखळलं तर एक पायरी परत चढा. वर्षातून एकदा पंखा बोटाने धरून ब्लोअरने धूळ काढा, चिप आणि कूलरमधली वाळलेली पेस्ट पुसून नवी पातळ लावा. आणि एवढं करून पैसे उरले तर कूलरवर नाही, एसएमपीएसवर, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यावर, घाला. ४५० वॅट असं नुसतं स्टिकर लावलेला स्वस्त डबा वेग वाढवायच्या आधीच दगा देतो.