भीमेकाठी वाचलेला श्याम

साने गुरुजींवर लिहिणारे बहुधा दोन वाटांनी जातात. एक वाट कोकणात पालगडला जाते, दुसरी खानदेशात अमळनेरला. भीमेकाठी त्यांना शोधावयास आलेच कोणी, तर ते पंढरपुरास येतात, १९४७ च्या उपोषणाची हकिकत ऐकतात आणि परततात. मी पंढरपूरच्या वरच्या अंगाचा, उजनीच्या फुगवट्याकाठी नव्याने वसलेल्या एका गावठाणातला माणूस. कुमारांसाठी कादंबरी लिहिणारा हा लेखक कशावर पोसला, लिहीत कसा असे आणि त्याला प्रिय काय होते, हे मला या काठावरून सांगावयाचे आहे.

पांडुरंग सदाशिव साने हे १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. शाळेच्या छात्रालयाचा भारही त्यांच्यावर होता. तेथे त्यांनी 'छात्रालय दैनिक' चालविले. दैनिक म्हणजे छापील पत्र नव्हे. स्वतःच्या हाताने लिहावयाचे आणि मुलांना वाचावयास ठेवावयाचे. आज लिहिले की आजच वाचणार, आणि वाचणारा दोन खोल्या पलीकडे राहतो! असा वाचक समोर असल्यावर लेखकाला नटवे लिहिण्याची सोय उरत नाही. पुढे १९२८ मध्ये 'विद्यार्थी' हे मासिक निघाले. पण माझ्या मते त्यांचा हात बसला तो या दैनिकात. भराभर लिहावयाचे, बोलल्यासारखे लिहावयाचे, आणि ज्याच्यासाठी लिहितो त्याचा चेहरा डोळ्यांपुढे ठेवावयाचा, ही सवय त्यांना जन्मभर पुरली.

१९३० मध्ये नोकरी सुटली आणि तुरुंग सुरू झाला. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दाक्षिणात्य सोबत्यांकडून ते तमिळ शिकले. 'कुरल'चे मराठी भाषांतर त्या ओढीतूनच झाले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. ती प्रवचने २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत चालली आणि गुरुजींनी ती टिपून घेतली. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आज आपल्या हाती आहे तो त्या टिपणांमुळे. दुसऱ्याचे बोलणे बोलण्याच्या वेगाने कागदावर उतरविणारा हा माणूस पुढच्याच वर्षी स्वतःची आठवण सांगावयास बसला. नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी 'श्यामची आई' सुरू झाली आणि १३ फेब्रुवारीला तिचा बहुतेक भाग लिहून झाला. पाच दिवस! पुस्तकाची प्रकरणे 'रात्री' आहेत, हे वाचकांना ठाऊकच आहे. आश्रमातली प्रार्थना आटोपावी, सोबती भोवती बसावेत आणि श्यामने सांगावे. छात्रालय आणि तुरुंग यांतून आलेली ही मांडणी. त्यात लिखाण कमी आणि सांगणे अधिक आहे.

आवडीनिवडींचे म्हणाल तर त्यांचे वाचन दांडगे होते. रवींद्रनाथ त्यांच्या मनात घर करून होते. 'आंतरभारती'ची कल्पना शांतिनिकेतनाच्या छायेतच वाढली. टॉलस्टॉयच्या कलाविषयक ग्रंथाचा त्यांनी 'कला म्हणजे काय?' असा अनुवाद केला. परंतु या थोरामोठ्यांच्या पंगतीत त्यांनी जात्यावर दळणाऱ्या बायकांनाही पाट मांडला. त्यांच्या ओव्या गोळा करून 'स्त्रीजीवन' सिद्ध केले. आमच्याकडे पहाटेच्या ओवीत विठ्ठल आणि भीमा हटकून येतात, त्यामुळे या आवडीची किंमत मला कोणी समजावून सांगावी लागली नाही. टॉलस्टॉय वाचून लिहिणारे पुष्कळ झाले. जात्याशी कान लावून बसणारे थोडे.

आता आमच्याकडची गोष्ट. उजनी धरणाचा पाया १९६६ मध्ये घातला गेला आणि १९८० मध्ये धरण पुरे झाले. करमाळा, माढा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांतील भीमेकाठची जमीन पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने देऊळ अजूनही उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर डोकावते. लोकांनी तुळया, चौकटी, पत्रे उतरवून गाडीत घातले आणि नवे गावठाण गाठले. आज त्याच काठी उसाचे फड उभे आहेत, कंदरकडची केळी परदेशी जातात, भिगवणला रोहित पक्षी पाहण्यास मोटारी येतात. हे सारे खरे आहे. पण माझ्या लहानपणी नव्या शाळेच्या भिंतींचा गिलावा ओला होता आणि त्या ओल्या वासात गुरुजी दर शनिवारी 'श्यामची आई' वाचून दाखवीत.

कोकणातले ते घर, ती नारळी-पोफळी आम्ही कोणी पाहिली नव्हती. पोरे चुळबुळ करीत. मात्र घरावर जप्ती येते, गावात दवंडी पिटली जाते आणि ते ऐकून आई खचते, त्या प्रकरणाशी आल्यावर वर्गात कोणी हलले नाही. आमच्यापैकी प्रत्येकाने आपली आई उंबरठ्यावर बसलेली पाहिली होती. सावकार आणि सरकार यांत फरक आहे, मोबदला आणि जप्ती यांतही आहे. तो हिशेब मोठ्यांनी करावा. दहा वर्षांच्या पोराला घर गेले एवढेच कळते. आणि घर गेल्याची गोष्ट छापील पुस्तकात असू शकते, ती सांगण्यात लाज नाही, हे आम्हांला प्रथम तेथे कळले.

गुरुजींना 'रडवे' म्हणणारे टीकाकार आहेत. त्यांच्या लेखनात अश्रू जरा जास्त आहेत, हे मीही मान्य करतो; 'धडपडणारी मुले' वाचताना काही पाने मी भराभर उलटतो. आचार्य अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट आणि त्याला मिळालेले राष्ट्रपतींचे सुवर्णपदक यांमुळे तर 'श्यामची आई' म्हणजे डोळे पुसण्याचा कार्यक्रम, अशी समजूत घट्ट झाली. तरी त्या पुस्तकातली मोळीची गोष्ट नीट वाचावी. एका म्हाताऱ्या महारणीची मोळी खाली पडते. आई श्यामला सांगते, जा, तिच्या डोक्यावर चढवून दे, आणि येऊन आंघोळ कर. येथे लेखक आईला देवी करीत नाही. तिची माया जेथवर पोचली तेथवर ती दाखवितो आणि आंघोळीचे पाणीही लपवीत नाही.

त्या आंघोळीच्या पुढचे पाऊल मुलाने टाकले ते आमच्याच नदीच्या काठी. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी आधी महिनोन् महिने महाराष्ट्र पालथा घातला, गावोगाव सभा घेतल्या. मग १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात ते उपोषणास बसले. खुद्द गांधीजींना मिळालेली माहिती अपुरी असल्याने त्यांनी उपोषण सोडावे असे कळविले, तरी ते डगमगले नाहीत. दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली, बडवे मंडळींचा होकार आला, आणि दहा-अकरा दिवसांनी उपोषण सुटले. धरण त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही नव्हते. मे महिन्यातली चंद्रभागा तेव्हा उघड्या वाळवंटातून वाहत होती. आता आषाढीला वारकऱ्यांच्या स्नानासाठी तिच्यात पाणी सोडतात ते आमच्या बुडालेल्या गावांवरून येते, आणि त्या पाण्यात उतरून जो कोणी दर्शनबारीत उभा राहतो, त्याला जात विचारीत नाहीत.