रॉसने उपडा केलेला टब

१८८३ साली रोनाल्ड रॉस नावाचा सव्वीस वर्षांचा डॉक्टर बंगळूरच्या लष्करी छावणीत हंगामी सर्जन म्हणून रुजू झाला. जन्म अल्मोड्याचा, नोकरी इंडियन मेडिकल सर्व्हिसची. बंगला चांगला मिळाला, पण डासांनी त्याला हैराण केलं. शेजारच्या बंगल्यांपेक्षा आपल्याकडेच डास जास्त का, या प्रश्नाने त्याचा पिच्छा सोडला नाही. शोधाशोध केल्यावर खिडकीबाहेर ठेवलेला पाण्याचा एक टब सापडला. त्याच्याभोवती डास घोंगावत होते आणि पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. रॉसने तो टब उपडा केला. घरातले डास पुष्कळ कमी झाले.

महाराष्ट्रात आरोग्यसेवक दारावर येऊन ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा’ असं सांगून जातात, त्या सांगण्याचं एक मूळ या टबात आहे. डासांवरचे नैसर्गिक उपाय मोजताना आपण कडुलिंब, निरगुडी, गवती चहा इथवर येऊन थांबतो. भांडं रिकामं करणं आपण उपायात धरत नाही. खरं तर त्याइतका निर्मळ उपाय दुसरा नाही. त्याला धूर नाही, वास नाही, औषध नाही.

टबाचा अनुभव घेऊन रॉस छावणीतल्या अ‍ॅड्ज्युटंटकडे गेला आणि मेसच्या आसपासची साचलेल्या पाण्याची भांडीही रिकामी करू या, असं त्याने सुचवलं. त्या अधिकाऱ्याने नकार दिला. डास कशासाठी तरी निर्माण झाले असणार, ते सोसणं आपलं कर्तव्य आहे, सृष्टीच्या व्यवस्थेत ढवळाढवळ नको, असं त्याचं म्हणणं. रॉसने ही हकीकत पुढे १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत नोंदवली आहे. हा युक्तिवाद आजही वेगळ्या शब्दांत ऐकू येतो, म्हणून तो मला महत्त्वाचा वाटतो. ‘डास काय, असायचेच’ असं म्हणणारी माणसं प्रत्येक सोसायटीत भेटतात.

तेव्हा रॉसची तक्रार फक्त चावण्याची होती. हिवताप आणि डास यांचा संबंध अजून सिद्ध व्हायचा होता. १८९४ साली लंडनमध्ये पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरने त्याला त्या वाटेवर आणलं. १८९५ मध्ये सिकंदराबादला काम सुरू होतं न होतं तोच कॉलऱ्याच्या आणि स्वच्छतेच्या कामासाठी रॉसची रवानगी पुन्हा बंगळूरला झाली. परत गेल्यावर, २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादेत त्याला डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले. डास चावून घेण्यासाठी तयार झालेला हुसेन खान नावाचा रुग्ण होता आणि त्याला दर डासामागे एक आणा मिळत होता. नोबेल रॉसला मिळालं, १९०२ साली. त्या आण्यांचा हिशेबही या कुळकथेत यायलाच हवा.

मग टब उपडा करण्याची मोहीम झाली. साचलेलं पाणी शोधून काढणारी माणसांची पथकं उभारावीत, असं रॉसने १९०२ च्या एका पुस्तकात मांडलं. सुएझ कालव्यावरच्या इस्माइलियात त्या पद्धतीने हिवताप झपाट्याने खाली आला. हवानात आणि पनामात अमेरिकी लष्करी डॉक्टर गॉर्गस याने पीतज्वराविरुद्ध हीच वाट धरली. हिंदुस्थानात मात्र लाहोरजवळच्या मियां मीर छावणीत प्रयोग फसल्याचं जाहीर झालं आणि रॉसने त्यावर आगपाखड केली. मला त्यात दोन्ही बाजूंचं खरं वाटतं. चार भिंतींच्या आतलं पाणी काढता येतं. कालव्यांनी आणि ओलिताने वेढलेल्या मुलखात तेच काम अफाट होऊन बसतं.

जे पाणी ओतून देता येत नाही, त्याचं काय? विहीर कशी उपडी करणार? याचं उत्तर माशांनी दिलं आणि त्या कथेत बंगळूरभोवतीचं म्हैसूर संस्थान आहे. १९२८ साली तिथल्या आरोग्यकार्यातले डॉ. बी. ए. राव यांनी इटलीहून गंबुसिया मासे भारतात आणले. मूळ अमेरिकेचा हा मासा १९२१ साली स्पेनमध्ये आणि तिथून इटलीत पोहोचला होता. गप्पी त्याच्याही आधी आपल्याकडे आले होते. अलीकडे कोलार जिल्ह्यातल्या गावांत विहिरींमध्ये गप्पी सोडून हिवतापावर चांगला ताबा मिळवता आला. गंबुसियाचं मात्र सरसकट कौतुक करवत नाही. तळ्यात सोडला की तो देशी माशांची पिल्लं आणि बेडकांची अंडीही खातो. बंदिस्त विहीर, हौद, कारंजं इथवर तो ठीक. बंगळूरच्या केरेंमध्ये, म्हणजे तलावांत, त्याला नेऊ नये असं मला ठामपणे वाटतं.

आजच्या बंगळुरात टबाची जागा जमिनीखालच्या टाकीने म्हणजे संपने, गच्चीवरच्या सिंटेक्सच्या टाकीने आणि न्हाणीघरातल्या पिंपांनी घेतली आहे. कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून चढवून आणावं लागतं आणि २०२४ च्या उन्हाळ्यात बोअरवेल आटल्या तेव्हा मिळेल त्या भांड्यात पाणी भरून ठेवण्यावाचून लोकांना गत्यंतर नव्हतं. असं साठवलेलं स्वच्छ पाणी डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला हवंच असतं. त्याच वर्षी सप्टेंबरात कर्नाटक सरकारने डेंग्यूला साथरोग ठरवलं आणि अळ्या होऊ देणाऱ्यांना दंड लावला. दंड हवाच, पण नळाला रोज पाणी आलं तर पिंपंच लागणार नाहीत, हेही सरकारला कुणीतरी सांगायला हवं.

कोरडा दिवस आठवड्याने का, त्याचं कारण सोपं आहे. उबदार हवेत अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. त्याआधी पाणी काढलं की साखळी तुटते. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने तग धरतात. म्हणून नुसतं ओतून भागत नाही, काथ्याने आतून घासायलाच हवं. संपच्या झाकणाची फट, कुंडीखालची बशी, फ्रिजमागचा ट्रे आणि कूलर बघायचे विसरू नयेत.

एवढं करूनही शेजारच्या गच्चीवरून एखादा डास येतोच. धुरीने तो थोडा वेळ पळतो, पण बंद खोलीतला धूर लहान मुलांच्या छातीला बाधतो. सिट्रोनेला किंवा कडुलिंबाचं तेल लवकर उडून जातं, पुन्हा पुन्हा लावावं लागतं. डेंग्यूच्या दिवसांत केवळ त्यावर विसंबू नये. पंखा मात्र मनापासून सुचवावासा वाटतो, कारण वाऱ्यात डासाला नीट उडता येत नाही. रात्री मच्छरदाणी. एडिस दिवसा चावतो, म्हणून दुपारी निजणाऱ्या बाळालाही मच्छरदाणी हवी.

चावल्यावर खाज सुटते ती डासाच्या लाळेमुळे. त्या लाळेला शरीर प्रतिकार करतं आणि गांध उठते. साबणाने धुवून थंड पाण्याची पट्टी किंवा फडक्यात गुंडाळलेला बर्फ काही मिनिटं धरला की बरं वाटतं. कोरफडीचा गर किंवा सहाणेवर उगाळलेलं चंदन गारवा देतं. चुना लावू नये, त्याने कातडी भाजते. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर डाग पडतात. खाजवून जखम झाली, ती लाल होऊन पसरू लागली किंवा ताप आला, तर डॉक्टरांना दाखवावं. डेंग्यूची शंका असेल तर तापावर मनाने अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो.